क्ले विरुद्ध अमेरिका : तीन कारणं, त्यातली दोन चुकीची

मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने, म्हणजे आधीच्या कॅशियस क्लेने, व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला, त्याची जगज्जेतेपदाची पदवी काढून घेतली गेली आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं, एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून आपण असं धरून चालतो की कोर्टाने त्याची भूमिका मान्य केली. निकालपत्र वाचायला घेतलं की हा समज पहिल्या काही पानांतच गळून पडतो. युद्ध न्याय्य होतं की अन्याय्य, अलीला धर्माच्या आधारावर सूट मिळायला हवी होती की नाही, यातल्या एकाही प्रश्नाचं थेट उत्तर कोर्टाने दिलेलं नाही. खटला कोसळला तो न्याय खात्याच्या एका पत्रामुळे. त्या पत्रात अर्ज फेटाळण्याची तीन कारणं होती आणि त्यातली दोन चुकीची होती.

सैन्यसेवा टाळणं कायदेशीर कधी असतं आणि नैतिक कधी, हे तपासायला मला हे प्रकरण म्हणूनच सगळ्यात उपयोगी वाटतं. इथे कायदा आणि नीती दोन वेगळ्या रस्त्यांनी चालतात, आणि अली सुटतो तो जिथे त्यांची गाठ पडत नाही अशा जागी.

कायदा काय मागत होता

अमेरिकेत तेव्हा सक्तीची सैन्यभरती होती. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने नाव नोंदवायचं. मग त्याच्या भागातलं ड्राफ्ट बोर्ड, म्हणजे गावातलीच काही बिनपगारी प्रतिष्ठित मंडळी, त्याला एका वर्गात टाकणार. ‘वन-ए’ म्हणजे कधीही बोलावणं येईल. ‘टू-एस’ म्हणजे कॉलेजात शिकतो आहे, तूर्त राहू दे. ‘वन-वाय’ म्हणजे देशावर मोठंच संकट आलं तर बघू. ‘फोर-डी’ हा वर्ग धर्मोपदेशकांचा. आणि ‘वन-ओ’ हा विवेकबुद्धीला युद्ध मान्य नाही म्हणणाऱ्यांचा. वन-ओ मिळालेल्याला घरी बसता येत नसे, दोन वर्षं इस्पितळासारख्या ठिकाणी नागरी सेवा करावी लागे.

वन-ओ मिळवायला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. एक, विरोध कुठल्याही स्वरूपाच्या युद्धाला हवा, अमुक एका युद्धाला असून चालत नाही. दोन, हा विरोध धार्मिक शिकवण आणि श्रद्धा यांतून आलेला हवा. तीन, तो प्रामाणिक हवा. यातल्या दुसऱ्या अटीचा अर्थ कोर्टाने १९६५ च्या सीगर खटल्यात बराच सैल केला आणि १९७० च्या वेल्श खटल्यात तर इतका की रूढ अर्थाने देव न मानणाऱ्यालाही सूट मिळू शकली. पहिली अट मात्र जशीच्या तशी राहिली. अलीचं घोडं तिथेच पेंड खात होतं.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बोर्डाचा निर्णय पटला नाही म्हणून सरळ कोर्टात जायची सोय नव्हती. १९४६ च्या एस्टेप खटल्यापासून रिवाज असा की आधी सगळे प्रशासकीय टप्पे संपवायचे, भरती केंद्रावर हजर व्हायचं, तिथे नकार द्यायचा, गुन्हा दाखल होऊ द्यायचा, आणि मग त्या फौजदारी खटल्यात बचाव म्हणून सांगायचं की बोर्डाने मला चुकीचा वर्ग दिला होता. बोर्ड चुकलं हे म्हणायची परवानगीसुद्धा पाच वर्षांची कैद समोर ठेवून मिळत असे. ज्याला हे परवडत नाही त्याने गुमान गणवेश चढवायचा.

फाइल

कॅशियस क्लेने १९६० मध्ये, अठराव्या वर्षी, लुईव्हिलमध्ये रीतसर नाव नोंदवलं. त्याच वर्षी रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. १९६४ च्या फेब्रुवारीत सॉनी लिस्टनला हरवून तो हेवीवेट विजेता झाला, ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या पंथाचा सभासद असल्याचं त्याने जाहीर केलं आणि मुहम्मद अली हे नाव घेतलं. सैन्याच्या लेखी चाचणीत मात्र तो त्या वर्षी नापास झाला आणि वन-वाय वर्गात गेला. आपण सर्वश्रेष्ठ आहोत असं म्हटलं होतं, सर्वांत हुशार आहोत असं नव्हे, असं तो यावर म्हणाला होता.

गोष्ट इथेच संपली असती. पण व्हिएतनामला माणसं कमी पडायला लागली, १९६६ च्या सुरुवातीला सैन्याने चाचणीत पास होण्याची रेषा खाली आणली आणि अली आपोआप रेषेच्या वर आला. वर्ग बदलला, वन-ए. अलीत काहीही बदललं नव्हतं, बदलली होती सरकारची गरज. पत्रकारांनी मायामीत त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला की त्या व्हिएतकाँग लोकांशी माझं काही भांडण नाही. या एका वाक्याने देशभर गदारोळ झाला.

त्याने वन-ओसाठी अर्ज केला. स्थानिक बोर्डाने तो फेटाळला. अपील झालं आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे प्रकरण न्याय खात्याकडे शिफारशीसाठी गेलं. खात्याने एक सुनावणी अधिकारी नेमला: लॉरेन्स ग्राउमन, केंटकीचे निवृत्त न्यायाधीश. १९६६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अलीची साक्ष घेतली, त्याच्या आईवडिलांची घेतली, त्याच्या एका वकिलाची आणि एका धर्मोपदेशकाची घेतली. एफबीआयने चौकशी करून दिलेला अहवालही त्यांच्यासमोर होता.

केंटकीतला एक गोरा निवृत्त न्यायाधीश, समोर गोऱ्यांना उघड शिव्याशाप देणाऱ्या पंथाचा चोवीस वर्षांचा तोंडाळ मुष्टियोद्धा. ग्राउमन काय लिहिणार याचा अंदाज कोणीही बांधला असता. त्यांनी लिहिलं ते असं: हा माणूस प्रामाणिक आहे, त्याचा विरोध धार्मिक आहे आणि तो कुठल्याही स्वरूपाच्या युद्धाला आहे, सबब त्याचा अर्ज मान्य करावा. या सबंध प्रकरणात अलीला प्रत्यक्ष समोर बसवून, तिन्ही अटी डोळ्यांसमोर ठेवून, ठरवून तपासणारा अधिकारी हा एकच. बाकीच्यांनी त्याची फाइल तपासली.

न्याय खात्याने ग्राउमन यांची शिफारस बाजूला ठेवली आणि अपील बोर्डाला पत्र पाठवलं. त्यात म्हटलं होतं की अली तिन्ही अटींवर नापास होतो. ‘नेशन ऑफ इस्लाम’ची शिकवण अमेरिकेसाठी लढायला मना करते ती राजकीय आणि वांशिक कारणांसाठी, युद्धमात्राला विरोध म्हणून नव्हे. म्हणजे पहिली अट गेली. कारणं राजकीय आणि वांशिक, म्हणून ती धार्मिक नाहीत. दुसरी गेली. आणि सैन्यात जायची वेळ अगदी जवळ आल्यावरच त्याने हा दावा केला, आधी कधी सातत्याने मांडला नाही, म्हणून प्रामाणिकपणाही शंकास्पद. तिसरी गेली.

अपील बोर्डाने अर्ज फेटाळला. कारण दिलं नाही. एक ओळसुद्धा नाही.

या बोर्डांविषयी अलीच्या वकिलांनी पुढे आणखी एक मुद्दा लढवला: केंटकीच्या स्थानिक बोर्डांवर कृष्णवर्णीय सदस्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. अपिलीय कोर्टाने यावर हळहळल्यासारखं केलं, पण एवढ्याने बोर्डाचे निर्णय रद्द होत नाहीत असं सांगून तो मुद्दा निकालात काढला. धर्मोपदेशक म्हणून फोर-डी मागण्याचा प्रयत्नही फसला, कारण मुष्टियुद्ध हाच त्याचा व्यवसाय असल्याचं कागदोपत्री दिसत होतं.

ह्यूस्टन

२८ एप्रिल १९६७. अलीने तोवर आपलं प्रकरण टेक्ससमधल्या ह्यूस्टनला हलवून घेतलं होतं. सॅन जॅसिंटो रस्त्यावरच्या भरती केंद्रात तो सकाळी वेळेवर हजर झाला, वैद्यकीय तपासणी झाली, कागद झाले. मग सगळ्यांना एका रांगेत उभं केलं गेलं. भरतीचा विधी अगदी साधा: नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं. ते पाऊल पडलं की माणूस सैनिक, तोपर्यंत नागरिक. ‘कॅशियस क्ले’ असं नाव पुकारलं गेलं, तो हलला नाही. एका अधिकाऱ्याने त्याला बाजूच्या खोलीत नेऊन समजावलं की याला पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड होऊ शकतो. परत आणून परत नाव पुकारलं, तो परत हलला नाही. मग नकार लिहून द्यायला सांगितलं, तो त्याने लिहून दिला.

त्या दिवशी अली पळाला नाही, लपला नाही, आजारी असल्याचं सोंग घेतलं नाही. कायद्याने सांगितलेल्या प्रत्येक पायरीवर तो चढला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. सैन्यातून पळालेला आणि सैन्यात जायला नकार देणारा यांची गल्लत आपल्याकडच्या चर्चांमध्ये नेहमी होते. कायद्यात हे दोन निरनिराळे गुन्हे आहेत. आपल्याकडे सक्तीची भरती नाही, त्यामुळे आपल्या आर्मी ॲक्टला ओळखीचा आहे तो पळालेला, म्हणजे शपथ घेऊन नंतर निघून गेलेला. अलीने शपथच घेतलेली नव्हती.

त्यानंतर काही तासांतच न्यूयॉर्क राज्याच्या ॲथलेटिक कमिशनने त्याचा परवाना निलंबित केला आणि पदवी काढून घेतली. जागतिक मुष्टियुद्ध संघटनेनेही पदवी काढली. तोवर आरोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नव्हतं. खटला जूनमध्ये चालला. ज्यूरी सगळी गोरी होती आणि तिला दोषी म्हणायला वीसेक मिनिटं पुरली. २० जून १९६७ ला न्यायाधीश जो इंग्रॅहम यांनी जास्तीत जास्त शिक्षा सुनावली: पाच वर्षं आणि दहा हजार डॉलर. पासपोर्ट गेला, म्हणजे परदेशात लढण्याचाही रस्ता बंद. जामिनावर तो बाहेर होता, पण देशात कुठलंच राज्य परवाना देईना. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंत, जगातला सगळ्यात चांगला मुष्टियोद्धा कॉलेजांमध्ये भाषणं देऊन पोट भरत होता.

न्यूयॉर्कच्या कमिशनचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. परवाना नाकारण्यासाठी त्यांनी ‘गुन्हा सिद्ध झालेला माणूस मुष्टियुद्धाच्या हिताचा नाही’ असा पवित्रा घेतला. अलीच्या वकिलांनी कमिशनचेच जुने कागद उकरले. शिक्षा झालेल्यांना परवाना दिल्याची किमान २४४ उदाहरणं सापडली, त्यांत खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे होते आणि सैन्यातून पळालेलेही होते. सप्टेंबर १९७० मध्ये न्यायाधीश वॉल्टर मॅन्सफिल्ड यांनी ही वागणूक मनमानी ठरवली आणि परवाना द्यायला लावला. सैन्यातून पळालेला चालतो आणि नकार देणारा चालत नाही, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

टाळणारे

इथे थोडं बाजूला जाऊन बाकीची मुलं काय करत होती ते बघू, कारण नैतिक प्रश्न खरा तिथे आहे.

कायदेशीरपणे सैन्य टाळायचे पुष्कळ मार्ग होते. कॉलेजात नाव टिकवून ठेवायचं. डॉक्टरचं पत्र मिळवायचं. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव दलात शिरायचं, तिथे जागेसाठी मोठी प्रतीक्षायादी असायची आणि ओळख लागायची. वशिला ही काही फक्त आपल्याकडची चीज नाही. डिक चेनी यांना पाच वेळा स्थगिती मिळाली, आणि साठच्या दशकात आपले अग्रक्रम वेगळे होते असं त्यांनी पुढे सांगितलं. जो बायडेन यांना विद्यार्थी म्हणून पाच वेळा मिळाली, मग दम्यामुळे. डोनाल्ड ट्रम्प यांना विद्यार्थी म्हणून चार वेळा आणि नंतर टाचेच्या हाडाच्या कारणाने. यांपैकी कोणीही कायदा मोडला नाही. कोणाची पदवी गेली नाही, कोणाचा पासपोर्ट गेला नाही. पुढे तिघेही राष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्राध्यक्ष झाले.

प्रत्येक बोर्डाला कोटा ठरवून दिलेला असायचा. एक जण वगळला गेला की यादीतला पुढचा जायचा. अलीवर घेतला गेलेला सगळ्यात वजनदार नैतिक आक्षेप याच्याशीच नातं सांगणारा आहे, आणि तो घेणाऱ्यांत जॅकी रॉबिन्सनसारखा माणूसही होता, ज्याने १९४७ मध्ये बेसबॉलमधली रंगभेदाची भिंत पाडली. त्याचं म्हणणं होतं की व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांचं मनोधैर्य यामुळे खचतं. मला हा आक्षेप उडवून लावता येत नाही. लुईव्हिलच्या बोर्डाने अलीच्या जागी कोणाला तरी पाठवलंच असणार आणि त्या मुलामागे वकिलांची फौज नव्हती.

पण मग तोच आक्षेप कॉलेजात लपलेल्या मुलावर जास्त कडक लागायला हवा. त्याच्याही जागी कोणी तरी गेलं. त्याने तर विरोधाचा शब्दही काढला नाही, म्हणजे युद्ध चालू राहायला त्याची हरकत नव्हती, फक्त त्यात तो स्वतः नको होता. कायद्याच्या दृष्टीने हा निर्दोष आणि अली गुन्हेगार. नीतीचा तराजू धरला तर माझ्या हातात पारडी उलटी होतात.

अली भ्याला म्हणून गेला नाही, हे म्हणणं तर टिकतच नाही. दुसऱ्या महायुद्धात तेव्हाचा हेवीवेट विजेता जो लुईस भरती झाला तेव्हा सैन्याने त्याला आघाडीवर पाठवलं नाही, जवानांसमोर प्रदर्शनी लढती करायला लावल्या. अलीच्या बाबतीतही तेच होणार हे सगळे धरून चालले होते. गणवेश घालून, छावण्यांमध्ये हातमोजे चढवून, पदवी शाबूत ठेवून दोन वर्षांत तो बाहेर पडला असता. जून १९६७ मध्ये क्लीव्हलँडला जिम ब्राउन, बिल रसेल, आणि पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेला ल्यू अल्सिंडर हे खेळाडू त्याला भेटले. भेट नुसती पाठिंबा द्यायला नव्हती. त्यांनी त्याची चांगली उलटतपासणी घेतली, आणि त्यांतले काही जण स्वतः सैन्यात राहून आलेले होते. बाहेर आल्यावर रसेलने लिहिलं की अलीकडे जी निखळ श्रद्धा आहे तिचा मला हेवा वाटतो. ग्राउमन यांचाच निष्कर्ष, फक्त वेगळ्या खोलीत.

दिल्लीतच नव्हे, वॉशिंग्टनमध्येही असंच चालतं

मे १९६८ मध्ये अपिलीय कोर्टाने शिक्षा कायम केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथे सरकारलाच कबूल करावं लागलं की एफबीआयने फोनवर चोरून ऐकलेल्या संभाषणांत अलीची पाच संभाषणं होती. त्यांतलं एक मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झालेलं. प्रकरण परत खाली आलं, या टॅपिंगचा शिक्षेवर परिणाम झालेला नाही असं न्यायाधीश इंग्रॅहम यांनी ठरवलं आणि गाडी पुन्हा वर निघाली.

१९७१ च्या ८ मार्चला दोन गोष्टी घडल्या. रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली जो फ्रेझियरकडून हरला, हे सगळ्या जगाने पाहिलं. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने जिलेट खटल्याचा निकाल दिला, तो फारसा कोणी पाहिला नाही. निकाल असा: अमुक एक युद्ध अन्याय्य आहे म्हणून नकार देणाऱ्याला सूट मिळणार नाही, मग त्या नकारामागे कितीही प्रामाणिक धार्मिक श्रद्धा असो. आठ विरुद्ध एक. माझ्या मते अलीचा त्या दिवशीचा मोठा पराभव हा होता. कारण त्याची भूमिका प्रामाणिकपणे ऐकली तर ती जिलेटच्या फार जवळ जाते. आपल्या माणसांना लुईव्हिलमध्ये हॉटेलात बसू देत नाहीत आणि मला दहा हजार मैलांवर जाऊन दुसऱ्या काळ्यासावळ्या माणसांवर बॉम्ब टाकायला सांगतात, हा त्याच्या बोलण्याचा सूर. त्यात धर्म होता, राजकारण होतं आणि वंशाचा प्रश्न होता, आणि ते तिन्ही धागे सुटे करता येत नव्हते. कायद्याला मात्र ते सुटे करूनच हवे होते.

तोंडी युक्तिवाद १९ एप्रिलला झाला. अलीतर्फे चौन्सी एस्क्रिज, सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल अर्विन ग्रिसवोल्ड. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल बाजूला झाले, कारण प्रकरण सुरू झालं तेव्हा ते स्वतः सॉलिसिटर जनरल होते. उरले आठ. कोर्टाच्या आतल्या गोटातली जी हकीगत १९७९ मध्ये बाहेर आली तिच्यानुसार पहिलं मतदान पाच विरुद्ध तीन झालं, अलीच्या विरोधात. बहुमताचा निकाल लिहिण्याचं काम न्यायमूर्ती जॉन हार्लन यांच्याकडे आलं. त्यांच्या हाताखालच्या तरुण मदतनिसाने त्यांना ‘नेशन ऑफ इस्लाम’चे प्रमुख एलिजा मुहम्मद यांचं लिखाण वाचायला दिलं. दृष्टी अधू झालेले, दुखणाईत हार्लन ते वाचून फिरले: हा माणूस खरोखरच युद्धमात्राला विरोध करतो आहे, अल्लाने स्वतः पुकारलेलं धर्मयुद्ध काय ते वगळून, आणि तसं युद्ध काही उद्या होणार नाही.

मत चार-चार झालं. बरोबरीत खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो, आणि का ते कोणी सांगत नाही. म्हणजे अली तुरुंगात गेला असता आणि कारणाची एक ओळही त्याला मिळाली नसती. दुसऱ्या बाजूला, हार्लन यांचं म्हणणं निकालात आलं असतं तर ‘नेशन ऑफ इस्लाम’च्या प्रत्येक तरुणाला सूट मागता आली असती, आणि तेही काही न्यायमूर्तींना नको होतं. सापही मरावा आणि काठीही तुटू नये अशी वाट न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी काढली.

वाट त्या पत्रातूनच गेली. युक्तिवादात सरकारने मान्य केलं होतं की अलीची श्रद्धा धार्मिक आहे आणि त्याच्या प्रामाणिकपणावरही आता आमचा आक्षेप नाही. म्हणजे खात्याच्या पत्रातली तीनपैकी दोन कारणं कायद्याने चुकीची होती हे सरकारच सांगत होतं. आणि अपील बोर्डाने कारण लिहिलंच नव्हतं. मग बोर्डाने अर्ज कुठल्या कारणाने फेटाळला? कदाचित पहिल्या, कदाचित तिसऱ्या. हे कळायला मार्ग नाही. १९५५ च्या सिक्युरेला खटल्यात कोर्टाने ठरवून ठेवलं होतं की खात्याने बोर्डाला कायदा चुकीचा सांगितला असेल आणि बोर्डाचा निर्णय त्यावर टेकलेला असू शकत असेल, तर पुढची सगळी कार्यवाही बाद. सिक्युरेला हा ‘जेहोवाज विटनेस’ पंथाचा होता आणि देवाच्या अंतिम युद्धात लढायला तो तयार होता. तरी त्याचा विरोध कुठल्याही स्वरूपाच्या युद्धालाच आहे, असं कोर्टाने तेव्हा मानलं होतं.

२८ जून १९७१. आठ विरुद्ध शून्य, शिक्षा रद्द. निकालावर कुठल्याही एका न्यायमूर्तीचं नाव नाही, तो सबंध कोर्टाच्या नावाने दिलेला आहे. हार्लन आणि विल्यम डग्लस यांनी आपापली वेगळी टिपणं जोडली. डग्लस यांनी कुराणातल्या न्याय्य युद्धाच्या कल्पनेवर लिहिलं. जिलेटमध्ये एकटे विरोधात उभे राहिलेले तेच होते. निकालाची व्याप्तीही अरुंद होती, कारण न्याय खात्याकडून शिफारस मागवण्याची ती पद्धतच १९६७ च्या कायद्याने बंद केलेली होती. म्हणजे या निकालाचा फायदा पुढे फार कोणाला होणार नाही, हेही पाहिलेलं.

तर मग कोर्टाने न्याय केला का

कायद्याच्या बाजूने बघितलं तर केला. ज्याची सबंध पाच वर्षं एका निर्णयावर जाणार आहेत त्याला त्या निर्णयाचं कारण कळायला हवं, ही काही क्षुल्लक तांत्रिक बाब नव्हे. आपल्याकडे तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत ‘अर्ज अमान्य’ एवढा शिक्का मारून परत आलेले कागद ज्यांनी हातात घेतलेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. कारण न लिहिणं ही अधिकाऱ्याची सोय असते आणि अर्जदाराची कोंडी.

नीतीच्या बाजूने मात्र प्रश्न होता तिथेच राहिला. ग्राउमन यांनी विचारलेला प्रश्न होता: हा माणूस खरं बोलतोय का? त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं. कायद्याचा प्रश्न दुसराच होता: हा माणूस सगळ्याच युद्धांच्या विरोधात आहे का? या दुसऱ्या प्रश्नाची कमाल अशी की जो पूर्ण अहिंसावादी आहे, जो हिटलरविरुद्धही लढला नसता, त्याला सूट. आणि जो प्रत्येक युद्ध तपासून बघतो, हे न्याय्य, हे अन्याय्य असं म्हणतो, त्याला तुरुंग. विचार जितका जास्त करावा तितकी सूट मिळण्याची शक्यता कमी. जिलेटमध्ये कोर्टाने याचं व्यावहारिक कारण दिलं की एकेका युद्धावरच्या मतांची पारख करत बसलं तर बोर्डांना समन्याय करता येणार नाही. हे कारण खोटं नाही. पण त्याला नैतिक कारण म्हणू नये.

आपल्या सुप्रीम कोर्टासमोर १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरण आलं तेव्हा केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांनी, तीही ‘जेहोवाज विटनेस’च, राष्ट्रगीताला उभं राहूनही ते गायला नकार दिला होता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी कसोटी लावली ती अशी की ही श्रद्धा आम्हाला पटते का हे बघायचं नाही, ती मनापासून बाळगलेली आहे का एवढंच बघायचं. सैन्यसेवेला ही कसोटी जशीच्या तशी लागणार नाही, कारण राष्ट्रगीत न गायल्याने दुसऱ्या कोणाला ते जास्त गावं लागत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानेही सार्वजनिक कारणासाठी सक्तीची सेवा लावण्याचा अधिकार राज्याला ठेवलेला आहे. तरी सुरुवात कुठून करायची हे ती कसोटी नीट सांगते.

परदेशातल्या आपल्या घरांसाठी

हा विषय मराठी घरांना लांबचा वाटतो, पण तो तसा राहिलेला नाही. अमेरिकेत प्रत्यक्ष ड्राफ्ट १९७३ मध्ये थांबला, तरी १९८० पासून नोंदणी पुन्हा सुरू आहे, आणि १८ ते २५ वयाचे ग्रीन कार्डवाले मुलगेही तिच्या कक्षेत येतात. विद्यार्थी व्हिसावर किंवा आईवडिलांच्या एच-वन-बीच्या आधारावर वैध राहणारे येत नाहीत. ग्रीन कार्ड आल्यावर ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात येत नाही आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती अडवते. सिंगापूरमध्ये मामला याहून कडक. तिथे कायम रहिवासी झालेल्या कुटुंबातल्या मुलाला दोन वर्षं पूर्ण वेळ सेवा करावी लागते, आणि विवेकबुद्धीच्या आधारावर सूट अशी काही गोष्टच तिथे नाही. ‘जेहोवाज विटनेस’ मुलं लष्करी कोठडीत जातात. दहावीतल्या मुलाच्या नावे कायम रहिवासाचा अर्ज भरताना आईवडील शाळेची फी आणि घराच्या किमती यांचा हिशेब करतात. त्या वेळी मुलाला या बाबतीत काय वाटतं हेही विचारावं.

अमेरिकेतल्या नोंदणीत ‘मला युद्ध मान्य नाही’ असं सांगायची जागा नाही. तो दावा बोलावणं आल्यावरच करता येतो. आणि अलीच्या बाबतीत खात्याने प्रामाणिकपणावर बोट ठेवलं ते नेमकं याच कारणासाठी, की बोलावणं दिसायला लागल्यावर तो बोलला. ज्या मुलाची अशी खरीच धारणा आहे त्याने आपलं म्हणणं आत्ताच तारीख घालून लिहून ठेवावं, ओळखणाऱ्या दोनचार माणसांची पत्रं त्याला जोडावीत, असा सल्ला तिथे या कामात असलेले लोक देतात. लिहिताना एक ध्यानात ठेवायचं: अमुक युद्ध चुकीचं आहे एवढंच लिहिलं तर ते कागद त्याच्या उपयोगाचे नाहीत. अलीचा खटला उलटला, जिलेटचा निकाल अजून उलटलेला नाही.